सव्वा व्होल्टची गोष्ट

व्होल्टेज हा शब्द आमच्या जालना जिल्ह्यात शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसालाही ठाऊक आहे. "आज व्होल्टेज नाही" असं शेतकरी म्हणतो, तेव्हा वीज गेली असं त्याला म्हणायचं नसतं. वीज आहे, बल्बही मिणमिणतो आहे, पण विहिरीवरची मोटर उचलत नाही, असा त्याचा अर्थ. डीपी जळाली, फ्यूज उडाला, एक फेज गेला, थ्री फेज रात्री बाराला येणार... ही सगळी आमची रोजची भाषा. घनसावंगीपासून भोकरदनपर्यंत कुठल्याही बाजाराच्या गावाला जा, मोटर रिवाइंडिंगचं दुकान सापडणारच. दुकानापुढं जळक्या तांब्याच्या तारांचा ढीग असतो आणि त्या वार्निशचा वास लांबूनच येतो.

तर मंडळी, गेले दोन-अडीच महिने ब्लॉगवर काही लिहिलं नाही, त्याचं कारण एक वेगळंच व्होल्टेज आहे. दोनशे तीसचं नव्हे, सव्वाचं! संगणकाच्या प्रोसेसरला किती व्होल्टेज द्यावं, किती दिलं म्हणजे ते सुरक्षित, या विषयात मी इतका गुरफटलो की आमच्या सौ.ने एकदा विचारलंच, "आता या वयात वायरमनची परीक्षा देणार का?" बी.ए. मराठी माध्यमातून झालेला, आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवलेला माणूस. विज्ञानाशी संबंध इतकाच की शाळेत दोन वर्षं विज्ञानाचे शिक्षक नव्हते, तेव्हा सातवीचा तो तास मी घेतला होता. पण कारण घरचं होतं, म्हणून हे सगळं वाचलं.

आमचा नातू, म्हणजे मुलीचा मुलगा, लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ करतो. तालुक्याच्या गावात भाड्याचं पत्र्याचं दुकान आहे. त्याच्या आईने बचत गटातून कर्ज काढून त्याला चांगला डेस्कटॉप घेऊन दिला. जावईबापूंना हे मुळीच पसंत नव्हतं. पोरानं पोलीस भरतीची तयारी करावी, नाहीतर निदान कुठंतरी महिन्याच्या पगारावर लागावं, असं त्यांचं म्हणणं. आणि ते चूक आहे असंही मला म्हणवत नाही. ज्यानं दुष्काळ पाहिलेत त्याला महिन्याच्या एक तारखेची किंमत कळते. शेवटी घरात असा तह झाला की या वर्षीची लग्नसराई बघायची. हप्ते वेळेवर गेले तर धंदा चालू, नाहीतर दुकान बंद आणि भरतीचा क्लास सुरू.

एप्रिल उजाडला आणि कामं आली, भरपूर आली. पण दुपारी दोननंतर संगणक ढेपाळायला लागला. सकाळी जो व्हिडिओ तासात तयार होई, त्याला दुपारी दीड-दीड तास लागे. दोनदा तर पूर्ण बंद पडला. पत्र्याखाली बसून बघा म्हणजे कळेल. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो तो सावलीतला. पत्र्याखालची गोष्टच वेगळी!

नातू एका रविवारी आला आणि म्हणाला, "आबा, मशीन लय गरम व्हायलंय. माझा मित्र म्हणतो, बायोसमध्ये जाऊन व्होल्टेज वाढव, १.४ कर, क्लॉक वाढव, पळतंय बघ कसं. करू का?" मी विचारलं, "आत्ता किती आहे?" म्हणाला, "काम करताना सव्वाच्या आसपास दिसतंय." मग जरा थांबून म्हणाला, "तुम्ही वाचून सांगा ना आबा. मला तर जेवायलाही टाइम नाही. अन् जळलं तर पप्पा म्हणतील, सांगितलं होतं."

शेवटचं वाक्य मला लागलं. म्हणून वाचायला बसलो.

आता जे समजलं ते माझ्यासारख्यांना कळेल अशा भाषेत लिहितो. जाणकारांनी कंटाळू नये.

पहिली गोष्ट, भिंतीतलं व्होल्टेज आणि प्रोसेसरचं व्होल्टेज यांचा थेट संबंध नाही. मला आधी वाटे की बाहेर वीज कमी-जास्त झाली की आत प्रोसेसरलाही धक्का बसत असणार. तसं होत नाही. भिंतीतून येणारे २३० व्होल्ट प्रथम कॅबिनेटमधल्या एसएमपीएसमध्ये जातात. तिथं त्यांचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट होतात. बारा व्होल्टच्या तारेवर पाच टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. मग मदरबोर्डवर, प्रोसेसरच्या शेजारीच, एक छोटी यंत्रणा असते, ती बाराचे साधारण एक-सव्वा व्होल्ट करते. प्रोसेसर स्वतःच तिला क्षणाक्षणाला सांगत असतो, आता मला इतकं दे, आता इतकं. संगणक नुसता चालू असेल तर आकडा एकच्याही खाली जातो, काम पडलं की वर चढतो. दुकानातल्या स्टॅबिलायझरवर मी चार दिवस आकडे वहीत लिहून घेतले. बाहेर १८८ पासून २५१ पर्यंत सगळं झालं, पण आतला आकडा बाहेरच्या चढउताराने हलला नाही. चांगला एसएमपीएस हा घरातल्या कर्त्या माणसासारखा असतो, बाहेर काय चाललंय ते आतल्यांना कळू देत नाही.

दुसरी गोष्ट गंमतीची आहे. विहिरीवरची मोटर जळते ती बहुतेक वेळा व्होल्टेज कमी पडल्यामुळे. पाणी तितकंच उचलायचं असतं, दाब कमी मिळतो, म्हणून मोटर जास्त करंट ओढते, तार तापते, वार्निश करपतं आणि मोटर जळते. प्रोसेसरचं नेमकं उलट आहे. त्याला कमी व्होल्टेज मिळालं तर तो जळत नाही, चुकतो. गणित चुकतं, पडदा निळा होतो किंवा संगणक जागच्या जागी थिजतो. बंद करून चालू केला की पुन्हा ठीक. जास्त व्होल्टेज दिलं तर मात्र तो चुकत नाही, उलट दिमाखात पळतो. आणि आतून झिजत जातो! म्हणजे कमी दिल्याची शिक्षा लगेच मिळते आणि जास्त दिल्याची उशिरा. माणसाला फसवणारा प्रकार हाच.

करंटचा हिशेब केला तेव्हा तर मी थक्कच झालो. पाच हॉर्सपॉवरची थ्री फेज मोटर, जी आमच्याकडं सगळं शिवार भिजवते, ती एका फेजवर साधारण सात-आठ अँपिअर ओढते. आणि हा नखाएवढा प्रोसेसर? तो १०० वॅट खात असेल आणि व्होल्टेज सव्वा असेल, तर भागाकार करा. ८० अँपिअर! व्होल्टेज इवलंसं म्हणून करंट एवढा. म्हणून तर त्याच्या पोटाशी शेकडो पिना दिलेल्या असतात. एका तारेतून एवढा करंट गेला तर ती तार वितळून जाईल.

तिसरी गोष्ट उष्णतेची. चिपमध्ये तयार होणारी उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेगाच्या नुसत्या प्रमाणात, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या. हे कळल्यावर मी वहीत मांडलं. व्होल्टेज सव्वावरून १.४ केलं, म्हणजे १२ टक्के वाढवलं. १.१२ चा वर्ग १.२५. म्हणजे वेग तोच ठेवला तरी उष्णता २५ टक्के जास्त. त्यावर मित्र म्हणतो तसा वेग पाच टक्के वाढवला, तर एकूण ३२ टक्के. शंभर वॅटचे १३२ वॅट. आणि पदरात काय पडलं? तासाभराचं काम, सगळं सुरळीत झालं तर, ५७ मिनिटांत. तीन मिनिटांसाठी एक तृतीयांश उष्णता जास्त, तीही पत्र्याखाली, मे महिन्यात!

तेसुद्धा सुरळीत झालं तरच. कारण दुपारी संगणक ढेपाळत होता तो शक्ती कमी पडल्यामुळे नव्हे. आजचे प्रोसेसर ठरावीक तापमानाच्या वर जात नाहीत, ९५ किंवा १०० अंशाला पोचले की स्वतःच वेग कमी करतात. उन्हात नांगरट करणारा बैल जसा आपला आपण पाय सावकाश टाकतो, तसं. अशा बैलाला चाबूक मारून तो पळत नाही. नातवाला मी हे हिशेब दाखवले तेव्हा तो वही हातात घेऊन बराच वेळ बघत बसला. "म्हणजे व्होल्टेज वाढवलं तर अजून स्लो होईल?" म्हणाला. मी म्हटलं, "तूच बघ, आकडे तुझ्यासमोर आहेत."

आता १.४ हा आकडा त्या मित्राने आणला कुठून? त्यानं हवेतून काढलेला नव्हता. एका काळी तो बरोबर होता, आणि इथं थोडा इतिहास सांगायचा मोह आवरत नाही, मास्तर पडलो ना!

१९९३ साली पेंटियम आला. त्याच्या जडणघडणीतलं मोठं नाव विनोद धाम यांचं, आणि त्यांचा जन्म आपल्या पुण्याचा. तो पहिला पेंटियम ५ व्होल्टवर चाले आणि फार तर सोळा वॅट खाई, तरी त्या काळी तो तापट म्हणून प्रसिद्ध होता. पुढच्या पेंटियमला ३.३ व्होल्ट लागत. १९९७ च्या एमएमएक्सला २.८. पेंटियम फोर आला तो पावणेदोनच्या आसपास, त्याचीच पुढची आवृत्ती दीडवर. म्हणजे दहा वर्षांत पाचाचे दीड झाले. याचं गणित आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ सालीच मांडून ठेवलं होतं. ट्रान्झिस्टर लहान करा, त्याच प्रमाणात व्होल्टेज कमी करा, मग तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसतील आणि उष्णता वाढणार नाही.

हे गणित २००५-०६ च्या सुमारास थांबलं. ट्रान्झिस्टर लहान होत राहिले, पण व्होल्टेज एकच्या फारसं खाली जाईना. कारण आणखी खाली गेलं तर ट्रान्झिस्टर नीट बंदच होत नाही, नळ बंद केला तरी गळत राहावा तसा करंट गळतो. म्हणूनच २००४ साली ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोचलेल्या पेंटियम फोरची ४ गिगाहर्ट्झची आवृत्ती त्याच वर्षी रद्द झाली, आणि पुढं एका प्रोसेसरमध्ये दोन, चार, आठ मेंदू बसवण्याची पद्धत आली.

या काळात कागदावरचे आकडे कसे होते पाहा. २०११ च्या इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या प्रोसेसरच्या माहितीपत्रकात व्होल्टेजची वरची मर्यादा १.५२ लिहिलेली आहे. तेव्हा हौशी मंडळी १.३५ ते १.४ देऊन वर्षानुवर्षं संगणक वापरत. मित्राचा आकडा त्या पिढीतला. त्याआधीच्या एका लोकप्रिय कोअर टू ड्युओची मर्यादा १.३६२५ होती, म्हणजे तिथं १.४ मर्यादेबाहेर. तोच आकडा एका चिपला पथ्य आणि दुसरीला कुपथ्य! त्यामुळं "सुरक्षित व्होल्टेज किती?" या प्रश्नाला "कुठल्या प्रोसेसरचं?" हे पहिलं उत्तर.

जास्त व्होल्टेजने आत नेमकं काय होतं, हेही समजून घेतलं. दोन प्रकारची झीज आहे. एक म्हणजे ट्रान्झिस्टरमधला इन्सुलेशनचा पडदा. २००४ च्या सुमाराच्या चिपमध्ये हा पडदा १.२ नॅनोमीटर जाडीचा होता, म्हणजे अवघे पाच-सहा अणू एकावर एक. त्याच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत सव्वा व्होल्टचा दाब. सव्वा व्होल्ट म्हणजे घड्याळाच्या सेलपेक्षाही कमी, पण जाडीच्या मानाने बघितलं तर मिलिमीटरला दहा लाख व्होल्ट! हवेत मिलिमीटरला तीन हजार व्होल्ट झाले की ठिणगी पडते. यावरून कल्पना करा. २००७ नंतर हा पडदा हाफनियमच्या संयुगाचा, जरा जाड करता आला, पण प्रश्न तोच राहिला. व्होल्टेज वाढलं की त्या पडद्यात हळूहळू भोकं पडतात.

दुसरी झीज तारांची. चिपमधल्या तारा इतक्या बारीक असतात की जास्त करंट आणि जास्त उष्णता मिळाली की धातूचे अणूच जागेवरून सरकतात. ओढ्याला पूर आला की काठची माती जाते तसे. एका ठिकाणी तार झिजते, दुसऱ्या ठिकाणी गाळ साठतो. जेम्स ब्लॅक नावाच्या मोटोरोलातल्या शास्त्रज्ञाने १९६९ साली याचं सूत्र मांडलं. करंट आणि तापमान दोन्ही त्यात येतात, आणि तापमानाचा परिणाम फार वेगाने वाढतो. आमचे रिवाइंडिंगवालेही हेच सांगतात. मोटरचं तापमान दहा अंशांनी वाढलं की वार्निशचं आयुष्य साधारण निम्मं. त्यांचा तो ठोकताळा, शास्त्रज्ञांचं ते सूत्र. दिशा एकच.

आणि ही झीज फक्त हौशी लोकांच्या उद्योगाने होते असंही नाही. अलीकडची दोन उदाहरणं सगळ्या जगाला माहीत आहेत. एप्रिल २०२३ मध्ये एएमडीच्या नव्या सात हजार मालिकेतले काही प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाल्याचे फोटो आले. काही मदरबोर्डांवर प्रोसेसरच्या एका भागाला जास्त व्होल्टेज जात होतं. त्यानंतर एएमडीने बायोसमध्ये बदल करून त्या भागाला १.३ व्होल्टची मर्यादा घातली. दुसरं उदाहरण इंटेलचं. तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर गेम खेळताना, मोठी कामं करताना बंद पडू लागले. २०२४ मध्ये कंपनीने सांगितलं की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता, आणि जास्त व्होल्टेज व उष्णतेने त्याच्या घड्याळाच्या सर्किटची झीज होत होती. ऑगस्ट २०२४ मध्ये जी दुरुस्ती आली, तिने मागणीवर १.५५ ची मर्यादा घातली. कंपनीने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण जी चिप आधीच झिजली होती ती काही या दुरुस्तीने बरी झाली नाही.

हे वाचताना मला सारखं आमच्या डॉक्टरांचं बोलणं आठवत होतं. मी रक्तदाबाची गोळी घेतो, नऊ वर्षं झाली. सुरुवातीला मी त्यांना विचारलं होतं, "किती असेल तर धोका नाही?" ते म्हणाले, "सर, अमुक आकड्याच्या अलीकडं सगळं सुरक्षित आणि पलीकडं सगळं धोक्याचं, अशी रेघ नसते. जितका जास्त आणि जितकी वर्षं जास्त, तितकी झीज." प्रोसेसरच्या माहितीपत्रकातही असंच आहे. तिथं दोन आकडे असतात. एक चालण्याचा, ज्यात कंपनी आयुष्याची हमी देते, आणि एक अगदी टोकाचा, ज्याच्या पुढं गेलं तर चिप कायमची बिघडू शकते. लोक दुसरा आकडा वाचतात आणि "इथपर्यंत चालतं" म्हणतात. ते तसं नाही. तो पुलावर लावलेल्या धोक्याच्या पाटीसारखा असतो, तिथं मुक्काम करायचा नसतो.

असो. तर आम्ही काय केलं ते सांगतो. मित्र म्हणाला त्याच्या उलट केलं. व्होल्टेज वाढवायचं सोडून थोडं कमी केलं. याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. कारखान्यातून येणाऱ्या लाखो चिप सारख्या नसतात, काही दणकट, काही नाजूक. सगळ्या चालाव्यात म्हणून कंपनी व्होल्टेज थोडं हात सैल सोडून ठरवते. आपली चिप बरी असेल तर त्यातलं थोडं काढून घेता येतं. वेग तोच, उष्णता कमी. सगळ्या प्रोसेसरांना आणि मदरबोर्डांना ही सोय नसते, याच्या संगणकात होती.

पण त्याआधी एक गोष्ट मी हट्टाने करून घेतली. सगळ्या लग्नांचे फोटो आणि व्हिडिओ दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर उतरवले. व्होल्टेज कमी पडलं की संगणक चुकतो, आणि चुकता चुकता फाइल बिघडवू शकतो. प्रोसेसर पुन्हा विकत मिळेल. कुणाच्या लेकीची पाठवणी पुन्हा होत नाही.

मग तीन रात्री आम्ही आजोबा-नातू दुकानात बसलो. पहिल्या रात्री व्होल्टेजला हातच लावला नाही. कॅबिनेट उघडून धूळ काढली. आमच्या काळ्या मातीची ती बारीक धूळ, पंख्याच्या पात्यांवर फेल्टसारखी बसली होती. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली. तेवढ्याने पाच-सहा अंश खाली आले. दुसऱ्या रात्री बायोसमधला ऑफसेट उणे ०.१ केला. दहा मिनिटांत निळा पडदा. उणे ०.०८ केला, तासाभराने तोच प्रकार. तिसऱ्या रात्री उणे ०.०५ वर आणला आणि रात्रभर काम लावून ठेवलं. सकाळपर्यंत चालला. पुढं आठ दिवस रोज बघितलं, एकदाही पडला नाही. हिशेबाने सव्वाचे १.२ झाले, म्हणजे उष्णता साधारण आठ टक्क्यांनी कमी. फार नाही. पण संध्याकाळच्या वेळी त्या आठ टक्क्यांचा फरक आकड्यांत दिसत होता.

राहता राहिला पत्रा. खोलीचं तापमान चार अंशांनी कमी झालं की प्रोसेसरचंही जवळपास तितकंच कमी होतं, हे मी मुलीच्या घरी जेवताना सहज बोललो. जावईबापू ताटावर होते. काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी नातवाचा फोन आला, "आबा, पप्पांनी थर्माकोलच्या शीट आणल्यात. शिडीवर चढून स्वतःच बसवायलेत." मी विचारलं, "काही म्हणाले का?" तर म्हणाला, "म्हणले, वर पांढरा रंगपण मारून घे पत्र्याला."

मे महिन्यातल्या ऐन दुपारी आता प्रोसेसर ८८-९० च्या वर जात नाही. पूर्वी शंभराला टेकून वेग ३.६ वर यायचा, आता ४.४ वर टिकतो. श्रेय कुणाचं किती, धुळीचं, पेस्टचं, व्होल्टेजचं की थर्माकोलचं, हे मला विभागून सांगता येणार नाही. हप्ते मात्र एप्रिलचा, मेचा आणि जूनचा, तिन्ही वेळेवर गेले. पुढच्या वर्षीचं काय ते पुढच्या वर्षी. भरतीची जाहिरात आली तर फॉर्म भरायचा, असं पोरानं बापाला सांगितलं आहे, आणि तेही मला योग्यच वाटतं.

माझ्या वयाच्या ज्या मंडळींच्या घरी नातवंडं असे उद्योग करत असतील, त्यांच्यासाठी चार गोष्टी लिहून ठेवतो. आपल्या प्रोसेसरचं नेमकं नाव-नंबर बघून त्याच्याच माहितीपत्रकातला आकडा घ्या, शेजाऱ्याच्या चिपचा घेऊ नका. मदरबोर्डचं बायोस अद्ययावत ठेवा, कारण वर सांगितलेल्या दोन्ही प्रकरणांत उपाय बायोसमधूनच आला. पण बायोस अपडेट करताना वीज जाता कामा नये, म्हणून ते यूपीएसवर, आणि शक्यतो भारनियमनाची वेळ टाळून करा. काही प्रोसेसर हलक्या कामात क्षणभर १.४५ च्या पुढंही जातात, तो आकडा बघून घाबरू नका, त्या क्षणी करंट कमी असतो. सतत जड काम चालू असताना काय दिसतं, ते बघायचं. आणि संगणक तापतोय म्हणून कूलरचा ओला झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका.

अर्थिंगचंही सांगायला हवं. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही असं समजा. एसएमपीएसमधल्या फिल्टरचा थोडा करंट कॅबिनेटवर येतो, त्याला जमिनीत जायला वाट लागते. आमच्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. मीठ-कोळसा घातलेल्या त्या खड्ड्यात एप्रिल-मेमध्ये आठवड्याला बादलीभर पाणी ओतायला विसरू नका. हे काम कुठल्याही बायोसमध्ये होत नाही.

विज्ञानाचे ते दोन वर्षांचे तास मी घेतले, तेव्हा ओहमचा नियम फळ्यावर लिहून पोरांकडून घोकून घेतला होता. त्यातली काही पोरं आज जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये आहेत, एक-दोन वायरमन झाले. त्यातलाच एक परवा बसस्टँडवर भेटला. त्याला ८० अँपिअरचा हिशेब सांगितला तर म्हणाला, "सर, खरं की काय? एवढुशा चिपमध्ये?" आणि तिथंच उभं राहून बोटांवर भागाकार करायला लागला. बरोबर आला त्याचा.

लांबलं जरा. तुमच्याकडं उन्हाळा कसा गेला, कळवा.